आधी भाजी, मग मासा



मटण मंद आचेवर जितका जास्त वेळ ठेवावं तितकं मऊ होतं, हे आपल्याला अनुभवानं ठाऊक असतं. त्यामुळे ‘मंद आचेवर झाकण ठेवून शिजवा’ असं वाचलं, की आपण घड्याळाकडे बघायचं सोडून देतो. फ्रेंच पद्धतीचा मासा पहिल्यांदा केला तेव्हा मीही तेच केलं. पाऊण तासानं झाकण काढलं, तर वर काटे आणि खाली चोथा! रावसाचे पैसे तर गेलेच, शिवाय पाहुण्यांना वरणभातावर भागवावं लागलं. चूक कुठे झाली ते मला नंतर कळलं. आज तेच सांगणार आहे.

या पद्धतीला फ्रेंच भाषेत ‘ब्रेझे’ म्हणतात. ‘ब्रेझ’ म्हणजे निखारे. पूर्वी तिकडे जड भांडं विस्तवावर ठेवून त्याच्या खोलगट झाकणावरही निखारे घालत. वरखाली सारखी, मंद धग लागायची. कोकणातल्या मैत्रिणींना हे नवीन नाही, आपलं धोंडस असंच होतं. पुढे निखाऱ्यांची जागा ओव्हननं घेतली. एस्कॉफिए या नामवंत फ्रेंच आचाऱ्यानं १९०३ साली काढलेल्या स्वयंपाकाच्या ग्रंथात सामन, ट्राउट, टर्बो अशा मोठ्या माशांसाठी ही पद्धत दिली आहे.

आता मटण आणि मासा यांत फरक काय? बकरी चार पायांवर आपलं वजन पेलते. तिच्या मांसात चिवट धागे असतात आणि ते विरघळायला तास-दोन तास लागतात. मासा पाण्यावर तरंगतो. त्याच्या मांसाचे पापुद्रे अगदी नाजूक पडद्यांनी जोडलेले असतात. ते थोड्याशा उष्णतेनं सुटतात. त्यापुढे शिजवलं तर आतला रस निघून जातो आणि मासा कोरडा पडतो.

भाज्यांचं मात्र उलट. गाजर, कांदा, सेलरी यांना वेळ लागतो. त्यातून या पदार्थात पांढरी वाइन असते, म्हणजे आंबटपणा आला. डाळ शिजण्याआधी चिंच घातली तर ती दडदडीत राहते ना? गाजराचंही तसंच होतं. म्हणून भाजी आधी मऊ करायची, आंबट नंतर घालायचं आणि मासा सगळ्यांत शेवटी. ही सगळी पद्धत या क्रमावर उभी आहे.

किलोभराचा अख्खा मासा किंवा तेवढाच जाड तुकडा घ्या. कातडी राहू द्या, तिच्यामुळे मासा फुटत नाही. रावस, जिताडा चांगला. नदीतळ्याचा मासा मिळत असेल तर रोहूही चालेल. फ्रान्समध्ये कार्प नावाचा मासा वाइनमध्ये असाच शिजवतात आणि आपला रोहू त्याच कुळातला आहे. गोड्या पाण्यातल्या माशाचा मातकट वास आंबटानं कमी होतो, हा आणखी एक फायदा.

मासेवाल्या मावशींकडून डोकं आणि काटे मागून घ्या. कल्ले काढून टाका, डोकं स्वच्छ धुवा. त्यात अर्धा कांदा आणि पाणी घालून वीस मिनिटं मंद उकळा आणि गाळा. जास्त उकळलं तर कडवट होतं. बांगडा, तारली असे तेलकट मासे यासाठी घेऊ नका.

आता मासा जेमतेम मावेल असं जाड बुडाचं पसरट भांडं घ्या. भांडं मोठं असलं तर पाणी जास्त लागतं आणि चव पातळ होते. दोन चमचे लोण्यावर दोन कांदे, दोन गाजरं आणि सेलरीची एक काडी, सगळं पातळ चिरून, झाकण ठेवून पंधरा मिनिटं शिजवा. भाजी मऊ व्हायला हवी, लाल नको. मग अर्धी वाटी वाइन घालून ती थोडी आटू द्या. वाइन शिजल्यावरही तिचा अंश राहतो. ज्यांना ती चालत नाही त्यांनी काट्यांचं पाणीच घालावं आणि शेवटी लिंबू पिळावं.

मासा मीठ लावून भाजीवर ठेवा. काट्यांचं गरम पाणी माशाच्या अर्ध्या उंचीपर्यंतच घाला. खालचा भाग रसात शिजतो, वरचा वाफेवर. लोणी लावलेला कागद माशावर टेकवा आणि झाकण ठेवा. पाणी नुसतं हलत राहील एवढीच आच हवी, खळखळून उकळी नको. मधूनमधून चमच्यानं रस वर सोडा.

वेळ वजनावर नाही, जाडीवर ठरवा. सगळ्यांत जाड भागाच्या दर अडीच सेंटीमीटरला साधारण दहा मिनिटं. मग कण्याजवळ सुरीचं टोक घाला. मांस पांढरं होऊन काट्यापासून सुटत असेल तर गॅस लगेच बंद करा.

मासा अलगद ताटलीत काढून झाका. रस गाळून अर्धा होईपर्यंत आटवा. गॅस बंद करून थंड लोण्याचे छोटे तुकडे एकेक करून घोळवा. रस दाट आणि तुकतुकीत होतो. पुन्हा उकळलात तर लोणी फुटेल. मोठ्या हॉटेलांत गाळलेली भाजी बाजूला काढतात. आपण ती टाकायची नाही, माशाभोवती वाढायची. तिनं माशाची सगळी चव घेतलेली असते.

हा मासा आधी करून ठेवू नका. परत गरम केला की तो पुन्हा शिजतो. काट्यांचं पाणी आणि मऊ केलेली भाजी सकाळीच तयार ठेवा. पाहुणे हातपाय धुऊन बसले, की मासा भांड्यात ठेवा. पहिल्या चुकीनंतर मी असंच करत आले आहे आणि नंतर कुणाला वरणभातावर भागवावं लागलेलं नाही.