पाय दुखतात, ते वयामुळेच का?

आईचे पाय दुखणे हे आपल्याकडे दुखणेच मानले जात नाही. ‘वय झाले, पाय दुखायचेच’ असे म्हणून घरातले मोकळे होतात आणि ती माउलीही तेल चोळून कामाला लागते. ६ डिसेंबरला चैत्यभूमीच्या रांगेत पाहा. चवड्यावर भार नको म्हणून टाचेवर चालणाऱ्या आयाबाया दिसतील.

मी डॉक्टर नाही. वस्तीतल्या भगिनींना सरकारी रुग्णालयात नेता-आणताना, डॉक्टरांना विचारून जे समजले तेवढेच लिहितो.

एका पावलात २६ हाडे आणि तीसहून अधिक सांधे असतात. वयाने किंवा कष्टाने झीज झाली असेल, तर चालल्यावर दुखते, बसल्यावर बरे वाटते. अंगठ्याच्या बुडाशी ही झीज जास्त आढळते. आमवाताचे मात्र उलटे आहे. सकाळी पाऊल टेकवत नाही, चवड्याखाली खडे टोचल्यासारखे वाटते, सांधे अर्धा-एक तास आखडलेले राहतात. बहुधा दोन्ही पाय धरतात, हातांची बोटेही सुजतात. हा म्हातारपणाचा आजार नव्हे. तिशी-चाळिशीतही होतो, आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांना जास्त. शरीराची संरक्षणशक्ती आपल्याच सांध्यांवर उलटते. उपचाराला उशीर झाला तर बोटे वाकडी होतात, मग गोळ्यांनी ती सरळ होत नाहीत.

आमवातावर मेथोट्रेक्झेट नावाची गोळी बहुतेकांना देतात. ती आठवड्यातून एकदाच, ठरलेल्या वारी घ्यायची. रोज घेतली तर जिवावर बेतते. गरोदरपणात ती चालत नाही. गुण यायला दीड-दोन महिने लागतात. इथेच आपल्या बाया पंधरा दिवसांत कंटाळून औषध सोडतात आणि बाजारातली ‘हुकमी’ पुडी आणतात. पुडीने दोन दिवसांत पाय मोकळे होतात, कारण अशा पुड्यांत अनेकदा स्टिरॉइड मिसळलेले असते. पुढे तोंड सुजते, साखर वाढते, हाडे ठिसूळ होतात. मेडिकलमधून मनाने घेतलेल्या वेदनाशामक गोळ्यांनीही मूत्रपिंड बिघडू शकते.

मध्यरात्री अचानक अंगठा लालबुंद होऊन सुजला, चादरीचा स्पर्शही सोसेना, तर तो बहुधा युरिक अ‍ॅसिडचा वातरक्त असतो. त्यात दारू बंद, काळीज-गुर्दा बंद. डाळ सोडायचे कारण नाही. आंबटाने वात होतो, ही तर निव्वळ ऐकीव गोष्ट. पथ्याच्या नावाखाली वरण-दही सोडून अंगातले रक्त आणखी कमी करून घेतलेल्या बाया मी पाहिल्या आहेत.

बाबासाहेबांना अखेरच्या वर्षांत मधुमेह होता आणि पायांच्या वेदनांनीही ते बेजार होते. मधुमेहात दुखणे सांध्याचे नसून नसांचेही असू शकते. पाय बधिर असतील तर गरम पाण्याचा शेक घेऊ नका, भाजलेले कळत नाही.

चप्पल संध्याकाळी घ्यावी, त्या वेळी पाय थोडे सुजलेले असतात. पुढून रुंद, तळ मऊ पण लेचापेचा नाही, मागे पट्टा असलेली बरी. बसल्या बसल्या पायाच्या बोटांनी टॉवेल उचलण्याचा व्यायाम रोज करावा.

आणि विहारात खुर्च्या ठेवाव्यात. आमच्याकडे चार ठेवल्या, तेव्हा काही ज्येष्ठांनी नाक मुरडले. पहिले दोन महिने त्यावर कोणी बसलेच नाही. आता वंदनेला त्या कमी पडतात.