समाजशास्त्राचा अभ्यास आणि परदेशी विद्यापीठे

एखादा तरुण यंत्रशास्त्र किंवा वैद्यक शिकण्यासाठी परदेशी निघाला, म्हणजे चारचौघे त्याचे कौतुक करतात. तिकडे मोठाल्या प्रयोगशाळा आहेत, नवी उपकरणे आहेत, हे सर्वांना पटलेले असते. पण तोच तरुण 'मी समाजशास्त्र शिकायला जातो' असे म्हणाला, की वडीलधारी माणसे कोड्यात पडतात. समाज इथे, जाती इथे, खेडी इथे. मग त्यांचा अभ्यास करायला न्यूयॉर्क किंवा ऑक्सफर्ड कशाला गाठायचे? विहीर दारात असताना पाण्यासाठी परगावी जाण्यासारखेच हे नव्हे काय?

हा प्रश्न थट्टेवारी नेण्यासारखा नाही. कारण तो आता सरकारी नियमातही येऊन बसला आहे. अनुसूचित जाती, भटक्या-विमुक्त जमाती, भूमिहीन शेतमजूर आणि पारंपरिक कारागीर यांच्या मुलांना परदेशी उच्च शिक्षण घेता यावे म्हणून केंद्र सरकारची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती आहे. २०२२ साली तिच्या नियमांत बदल झाला. भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतविषयक सामाजिक संशोधन हे विषय तिच्यातून वगळण्यात आले. हे विषय शिकायला परदेशी जाण्याची गरज नाही, त्यांची साधने देशातच आहेत, असा युक्तिवाद त्यासाठी सांगण्यात आला. तो कितपत खरा आहे, हे आधी गेलेल्यांच्या अनुभवावरून तपासून पाहिले पाहिजे. सुदैवाने या बाबतीत महाराष्ट्राजवळ सांगण्यासारखे पुष्कळ आहे.

प्रथम, समाजशास्त्र म्हणजे काय ते थोडक्यात पाहू. माणसे एकत्र राहतात, लग्ने जुळवतात, वाटणी करतात, भांडतात, एकमेकांच्या पंक्तीला बसतात किंवा बसत नाहीत. या व्यवहारांना काही घडण असते. ती घडण शोधणे हे या शास्त्राचे काम. यात एक मोठी अडचण अशी, की ज्याला हे शोधायचे तो स्वतःच त्या घडणीत वाढलेला असतो. डोळ्यांतले काजळ डोळ्यांना दिसत नाही, तशी आपली रीत आपल्याला रीत वाटत नाही. जगाचा नियमच वाटतो. रसायनशास्त्रज्ञाला प्रयोगशाळा लागते, तसे समाजशास्त्रज्ञाला अंतर लागते. परदेशी विद्यापीठ पहिल्याप्रथम काही देत असेल, तर ते हे अंतर.

श्रीधर व्यंकटेश केतकर १९०६ साली अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात गेले. जातिसंस्थेच्या इतिहासावरील त्यांच्या इंग्रजी ग्रंथाचा पहिला भाग १९०९ साली तिथेच प्रसिद्ध झाला. त्याचा आधार कोणता? मनुस्मृती. म्हणजे जो ग्रंथ आपल्याकडे वाड्यावाड्यांतून होता, तो त्यांनी अमेरिकेत बसून समाजस्थितीचा पुरावा म्हणून उलगडला. पोथी इथली, पण ती पुरावा म्हणून वाचण्याची शिस्त तिथली.

पुढे चार वर्षांनी, १९१३ साली, बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर भीमराव आंबेडकर त्याच न्यूयॉर्क राज्यातील कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. त्यांचा मुख्य विषय अर्थशास्त्र. पण समाजशास्त्र आणि मानवशास्त्र यांचेही वर्ग त्यांनी केले. ९ मे १९१६ रोजी प्रा. गोल्डनवायझर यांच्या मानवशास्त्राच्या चर्चावर्गात त्यांनी भारतातील जातींची यंत्रणा, उत्पत्ती आणि विकास या विषयावर निबंध वाचला. त्या वेळी त्यांचे वय पंचवीस वर्षांचे होते. चर्चावर्ग ही तिकडच्या विद्यापीठांतली मोठी उपयुक्त रीत आहे. विद्यार्थी आपला निबंध वाचतो, आणि प्राध्यापक व इतर विद्यार्थी त्याची उलटतपासणी करतात. तिथे 'हे तर सर्वांना ठाऊकच आहे' असे म्हणून सुटका होत नाही. कारण समोरच्याला काहीच ठाऊक नसते.

या निबंधात आंबेडकरांनी आधीच्या विद्वानांची मते एकेक करून तपासली. सेनार्टने विटाळाला महत्त्व दिले होते, नेसफिल्डने रोटीबंदीला. केतकरांनी जातीची दोन लक्षणे सांगितली होती : जातीबाहेर लग्न न करणे, आणि जन्मानेच जातीत प्रवेश मिळणे. केतकरांचा आदराने उल्लेख करून आंबेडकरांनी दाखवून दिले, की ही दोन लक्षणे वेगळी नाहीत. लग्नाचे दार बंद केले, की जन्माखेरीज आत येण्याचा दुसरा मार्गच उरत नाही. तेव्हा मूळ लक्षण एकच, बेटीबंदी.

पण त्यांचा खरा पराक्रम यापुढचा आहे. ते एक साधा हिशेब मांडतात. एखाद्या गटाला आपली लग्ने आपल्यातच ठेवायची असतील, तर त्या गटात लग्नाच्या वयाच्या स्त्रिया व पुरुष यांची संख्या सारखी राहिली पाहिजे. नवरा आधी मेला, तर एक स्त्री जास्त होते. बायको आधी मेली, तर एक पुरुष जास्त होतो. त्या जास्तीच्या स्त्रीने बाहेर लग्न केले तर जात फुटते, आत केले तर दुसऱ्या मुलीचा वर हिरावला जातो. मग उपाय काय? तिला नवऱ्याबरोबर जाळायचे, किंवा जन्मभर विधवा ठेवायचे. आणि जास्तीच्या पुरुषाला पुन्हा नवरी हवी, तर ती लग्नाचे वय न झालेल्या मुलींतून आणायची. सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह या तीन रूढींशी आपले सुधारक शंभर वर्षे झुंजत होते. त्या तिन्ही एकाच भिंतीला दिलेले टेकू आहेत, हे एका विद्यार्थ्याने वर्गातल्या निबंधात दाखवून दिले. वरच्या जातींच्या या चाली खालच्या थरांत कशा पसरल्या, हे सांगताना त्यांनी तार्द या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाच्या अनुकरणाच्या नियमांचा आधार घेतला.

इथे साधने कुठली होती? सतीची हकीकत, विधवांची दुःखे, बालविवाहाची प्रकरणे, सारे इथलेच. ते इथल्या लाखो माणसांनी पाहिले होते, आणि आंबेडकरांनी तर जातीचा दाह अंगावर सोसला होता. पण ते सर्व एका प्रश्नात गोवून, सभोवतालच्या धाकापासून दूर, बरोबरीच्या नात्याने मांडण्याची जागा त्यांना त्या वर्गात मिळाली. जो विद्यार्थी स्वतःच्या गावी पाणवठ्यापाशीही अडवला जातो, त्याला अशी जागा मिळणे म्हणजे काय, हे निराळे सांगायला नको.

याचा अर्थ तिकडे सारे सोनेच पिकते, असा मात्र नाही. परदेशी गुरूच्या हातात मोजपट्टी असते, आणि ती मोजपट्टीच वाकडी असू शकते. ब्रिटिश अंमलात रिस्ले या अधिकाऱ्याने नाकाच्या रुंदीवरून जातीची उच्चनीचता ठरते, असा सिद्धान्त मांडला होता : नाक जितके अरुंद, तितकी जात वरची! मालवणचे गोविंद सदाशिव घुर्ये हे संस्कृतचे अध्यापक. मुंबई विद्यापीठात १९१९ साली पॅट्रिक गेडिस यांच्या नेतृत्वाखाली समाजशास्त्राचा विभाग निघाला, आणि घुर्ये विद्यापीठाच्या शिष्यवृत्तीवर इंग्लंडला गेले. लंडनला हॉबहाऊस यांच्यापाशी काही काळ काढून ते केंब्रिजला रिव्हर्स यांच्याकडे आले. तेच घुर्ये १९३२ साली जात आणि वंश यांवर ग्रंथ लिहितात, आणि मोजमापांचे आकडे घेऊनच दाखवतात, की रिस्लेचा नियम उत्तर हिंदुस्थानाच्या काही भागापलीकडे लागू पडत नाही. साहेबाची पट्टी साहेबाच्याच गावी शिकून तिची चूक दाखवणे, हा या शिक्षणाचा दुसरा लाभ.

घुर्यांच्या विद्यार्थिनी इरावती कर्वे १९२८ साली बर्लिनला गेल्या. ओयगेन फिशर हे त्यांचे मार्गदर्शक. मानवी कवटीच्या दोन बाजूंतली विषमता वंशावर अवलंबून असते काय, हा त्यांच्या प्रबंधाचा विषय होता. गुरूंना असा संबंध निघण्याची अपेक्षा होती. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या, आणि तसा संबंध आढळत नाही, असा निष्कर्ष लिहिला. बर्लिनच्या त्या संस्थेतील वंशविचाराने पुढे नाझी राजवटीला कसा हातभार लावला, ते जगाला ठाऊक आहे. परक्या देशात, परक्या भाषेत, पदवी ज्यांच्या हाती त्यांच्या अपेक्षेविरुद्ध आकडे मांडायला जे बळ लागते, त्यालाच शास्त्रबुद्धी म्हणतात.

परत आल्यावर त्यांनी हाती घेतलेला नात्यागोत्यांचा विषय याहून आपल्या जवळचा आहे. नात्यांची नावे आणि वंशावळी पद्धतशीरपणे गोळा करण्याची रीत रिव्हर्स यांनी रूढ केली होती. निलगिरीतल्या तोडा लोकांवर त्यांनी १९०६ साली ग्रंथ लिहिला होता. त्या रीतीने आपल्या घरात डोकावून पाहा. इंग्रजाला काका, मामा, आत्याचा नवरा आणि मावशीचा नवरा हे सगळे 'अंकल'. आपण मात्र प्रत्येकाला वेगळे नाव देतो. का? कारण प्रत्येकाशी वागण्याची, देण्याघेण्याची आणि सोयरिकीची तऱ्हा वेगळी. जुन्या वळणाची सून सासूला 'आत्याबाई' म्हणत असे. सासू आत्या कशी? महाराष्ट्रातल्या अनेक जातींत मुलाने मामाची मुलगी करावी अशी चाल आहे. तशी ती केली, तर त्या मुलीची सासू ही तिची आत्याच असते! उत्तरेत अशी सोयरीक निषिद्ध, दक्षिणेत ती सर्रास, महाराष्ट्र मधोमध. घराघरांत रोज उच्चारला जाणारा शब्द असा दोन प्रदेशांच्या सांध्याची खूण ठरतो. १९५३ सालच्या आपल्या ग्रंथात इरावतीबाईंनी अशा पुराव्यावरून साऱ्या देशाच्या नातेव्यवस्थेचा नकाशा उभा केला.

घुर्यांचेच आणखी एक विद्यार्थी म्हणजे म्हैसूरचे एम. एन. श्रीनिवास. कूर्ग लोकांविषयीची भरघोस माहिती त्यांनी मुंबईतच प्रबंधासाठी जमवली होती. ऑक्सफर्डला रॅडक्लिफ-ब्राऊन आणि इव्हान्स-प्रिचर्ड यांच्यापाशी त्यांनी तीच माहिती नव्या प्रश्नाने पुन्हा लावली. प्रत्येक विधी समाजाच्या बांधणीत कोणते काम करतो, हा तो प्रश्न. त्यातून १९५२ सालचा त्यांचा ग्रंथ आणि 'संस्कृतीकरण' ही कल्पना पुढे आली. माहिती तीच, प्रश्न बदलला, म्हणून ती बोलू लागली.

'साधने देशातच आहेत' या म्हणण्यातली उणीव आता ध्यानात येईल. आज तर ते अक्षरशःही खरे नाही. माणसे परदेशी जातात, तेव्हा जातही त्यांच्या सामानाबरोबर जाते. अमेरिकेतील सिॲटल शहराच्या नगरपरिषदेला २०२३ साली जातिभेदावर बंदी घालणारा कायदा करावा लागला. त्याआधी २०२० साली इझाबेल विल्करसन या लेखिकेने अमेरिकेतील काळ्या-गोऱ्यांचा भेद 'कास्ट' या कल्पनेने समजावून सांगणारे पुस्तक लिहिले. आपल्याकडची कल्पना आता त्यांची मोजपट्टी होऊ लागली आहे. अशा वेळी आपल्याच विद्यार्थ्यांनी त्या चर्चेत भाग घेऊ नये, हे कोणत्या हिशेबात बसते?

जाणाऱ्याने मात्र काही गोष्टी गाठीशी बांधाव्यात. मॅक्स वेबर हा थोर जर्मन समाजशास्त्रज्ञ. हिंदू धर्म आणि समाज यांवर त्याने मोठा ग्रंथ लिहिला. पण तो भारतात कधीच आला नव्हता. असे ग्रंथ आदराने वाचावेत, पण ताडून पाहावेत. 'कास्ट' हा शब्दच पोर्तुगीजांच्या 'कास्ता'वरून आलेला. तो वर्णालाही लावतात आणि जातीलाही. आपल्या गावात कोण कोणाला काय म्हणतो, हे ज्याला नीट ठाऊक नाही, त्याला हा घोटाळा उमगायचा नाही. म्हणून जाण्यापूर्वी आपली भाषा पक्की करावी, चार गावे पायी हिंडावीत. आणि तिकडे गेल्यावर केवळ भारताविषयीच लिहू नये. तिथली लग्ने, तिथली चर्चे, तिथल्या वस्त्या यांचाही अभ्यास करावा. गोऱ्यांनी आमचा अभ्यास करावा आणि आम्हीही आमचाच करावा, ही वाटणी बरोबरीची नाही.

शेवटची गोष्ट परतफेडीची. शिष्यवृत्ती संस्थानिकाची असो वा सरकारची, तिच्यामागे रयतेचा पैसा असतो. केतकरांनी तो तेवीस खंडांच्या ज्ञानकोशाने फेडला. आंबेडकरांनी १९२० साली 'मूकनायक' काढून ज्यांना वाचा नव्हती त्यांना मराठीतून वाचा दिली. इरावतीबाई पंढरीच्या वाटेवर दिंडीबरोबर चालल्या, आणि एकाच विठ्ठलाचे नाव घेणारी माणसे जेवायला जातवार वेगळी बसतात, हे त्यांनी मराठीत लिहून आपल्यापुढे ठेवले. परदेशी मिळवलेली दृष्टी अशी मायबोलीत उतरते, तेव्हाच ती समाजाच्या मालकीची होते. तेव्हा नियम करायचाच असेल, तर विषय वगळण्याचा करू नये. जे शिकलात ते परत येऊन आपल्या लोकांना त्यांच्या भाषेत सांगा, असा करावा. आणि ते ऐकून घेण्याची तयारी आपण श्रोत्यांनी ठेवावी.