शेकरूचे शेपूट अर्धेच का राहिले?

दोन महिन्यांपूर्वी घोडेगावच्या बाजूच्या एका खेड्यातून एक बाई रक्तदाब तपासायला आल्या. वय ५२. पिशवीतून जुनी चिठ्ठी काढताना लोकरीचे काहीतरी खाली पडले. उचलून पाहतो तो क्रोशाने विणलेले इवलेसे शेकरू! तांबूस अंग, पांढुरके पोट, टवकारलेले कान. भीमाशंकरचे जंगल जवळ असलेल्या आंबेगावकरांना हा प्राणी वेगळा सांगायला नको. नातीच्या पुस्तकात घालायची ती खूण होती. डोके पुस्तकाच्या वर राहावे आणि लांब शेपूट पानांमधून खाली लोंबावे, अशी कल्पना. शेपूट मात्र अर्ध्यावरच सुटले होते.

"ताई, पुरे का नाही केले?"

"आता नाही होत डॉक्टर. टाका दिसत नाही अन् बोटांना मुंग्या येतात. आमच्या आईला लकवा झाला होता, तसंच व्हायचं. वय झालं, दुसरं काय!"

वर्षभर ही भीती त्यांनी मनातच ठेवली होती. घरात कोणाला एका शब्दाने बोलल्या नव्हत्या.

वाचकहो, या बाईंना दोन वेगळ्या तक्रारी होत्या आणि दोन्हींवर उपाय होता.

पहिली तक्रार डोळ्यांची. चाळिशीनंतर डोळ्यातील भिंगाची लवचिकता कमी होते. लांबचे दिसते, पण साखळी घालताना सुईचा आकडा दिसत नाही. हा आजार नव्हे, केस पिकण्यासारखेच आहे. जवळचा चष्मा लावला की काम भागते. आसामातील चहामळ्यांत चाळिशी ओलांडलेल्या मजुरांना असे चष्मे देऊन पाहिले. २०१८ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. चष्मा मिळालेल्यांची पानांची तोडणी, न मिळालेल्यांच्या तुलनेत २० टक्क्यांहून अधिक वाढली होती. तांदूळ निवडणाऱ्या, सुईत दोरा ओवणाऱ्या आपल्या आयाबहिणींनी मात्र 'आता कशाला चष्मा' म्हणून तो टाळायचा, हे बरे नाही.

दुसरी तक्रार मनगटाची. मनगटात एक अरुंद बोगदा असतो. त्यातून जाणारी नस अंगठा, तर्जनी, मधले बोट आणि अनामिकेची अर्धी बाजू यांना संवेदना पुरवते. क्रोशाची सुई आपण धरतो तीही अंगठ्यात आणि या पहिल्या दोन बोटांतच. नस दाबली गेली की तेथे मुंग्या येतात, रात्री झोपमोड होते, हात झटकल्यावर बरे वाटते. करंगळी सहसा सुटते. हा लकवा नव्हे. केवळ क्रोशाने हे होते असेही नाही. धारा काढणे, खुरपणी, टोमॅटोची तोडणी यांनीही मनगटावर ताण येतो. मधुमेह, थायरॉईडचे विकार आणि गरोदरपण यांतही हा त्रास दिसतो.

घरी एक साधी चाचणी करा. दोन्ही तळहातांच्या मागच्या बाजू एकमेकींना लावून बोटे खाली सोडा आणि मिनिटभर थांबा. वर सांगितलेल्या बोटांत मुंग्या आल्या तर डॉक्टरांना दाखवा. हातातून वस्तू निसटू लागल्या किंवा अंगठ्याच्या बुडाचा मांसल उंचवटा सपाट दिसू लागला, तर मुळीच थांबू नका. नस फार काळ दाबलेली राहिली की गेलेली ताकद पुरती परत येईलच असे नाही.

खऱ्या लकव्याची लक्षणे वेगळी. तोंड वाकडे होणे, एका बाजूचा हात किंवा पाय अचानक लुळा पडणे, बोलणे अडखळणे, असे काही झाले तर मालीश करत बसू नका. त्याच क्षणी मोठे रुग्णालय गाठा. तेथे एकेक मिनिट मोलाचे असते.

बाईंची साखर तपासली, ती वाढलेली निघाली. वर्षभर गप्प राहण्यात हेच तर निसटले होते! साखरेचे औषध सुरू केले, पडद्याच्या तपासणीसाठी नेत्रतज्ज्ञांकडे पाठवले. चष्मा मिळाला. रात्री मनगट सरळ ठेवणारी पट्टी बांधायला सांगितली. पट्टीने भागले नाही तर इंजेक्शन किंवा छोटी शस्त्रक्रिया हे पुढचे उपाय आहेत. त्यांना अजून त्यांची गरज पडलेली नाही.

विणकाम मी बंद करायला लावले नाही. बारीक दोऱ्याऐवजी जाड लोकर घ्या, सुईच्या दांड्याला कापड गुंडाळून ती जाड करा, मनगट मुडपू नका, दिवसाउजेडी ओसरीवर बसा आणि वीस मिनिटांनी हात मोकळा करा, एवढेच सांगितले. खूण चपटी हवी म्हणून शेपटाला मुक्या खांबांच्या दोनच ओळी पुरतात. म्हणजे पुस्तकही फुगत नाही आणि हातही शिणत नाही.

गेल्या आठवड्यात त्या आल्या. मुंग्या कमी झाल्या आहेत, झोप लागते. शेकरूचे शेपूट पुरे झाले आहे. जरा वाकडे आहे म्हणाल्या. नातीला ते चालते.

आपल्या घरातही कुणाचे विणकाम, शिवणकाम हल्ली अर्धवट पडून असेल. का सोडले, एवढे जरूर विचारा.