पळीभर पाणी

आज बोटीबद्दल बोलू या. हे ऐकणाऱ्यांत इंदूरचे आहेत, हैदराबादचे आहेत, बेळगावचे आहेत. समुद्र दूर आणि बोट त्याहून दूर, असं बऱ्याच जणांचं असणार. तरी ऐका, कारण विषय बोटीपेक्षा पाण्याचा आहे.

मी वाढलो मालवणात. तिथं होडी कधी वर काढायची हे पावसाळा ठरवतो. मे संपता संपता होड्या ओंडक्यांवरून किनाऱ्यावर ओढायच्या, वरून झाप घालून शाकारायच्या आणि नारळी पौर्णिमा येईपर्यंत थांबायचं. लहानपणापासून बघितलेलं हे काम. पुढं नोकरीनिमित्त कॅनडात टोरोंटोला गेलो, तिथंच राहिलो, आणि ओंटारियो सरोवरात एक जुनी २७ फुटी शिडाची बोट घेतली. पहिल्या थंडीत ती जमिनीवर ठेवायची वेळ आली तेव्हा मी मनात म्हटलं, हे तर आपल्याला येतं. बाहेर काढली, झाकली, झालं!

तो समज महागात पडला.

कोकणात बोटीचा शत्रू बाहेरून येतो. लाटा, वारा, पाऊस. टोरोंटोत तो बोटीच्या आतच बसलेला असतो. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं. भरलेली काचेची बाटली फ्रीजरमध्ये विसरलेल्या कुणालाही हे सांगायला नको. त्यात ओंटारियोचं पाणी गोडं. समुद्राचं खारं पाणी उणे दोनच्या जवळपास जाईपर्यंत तग धरतं, हे शून्यालाच गोठायला लागतं. आणि तिथं जानेवारीतल्या एखाद्या रात्री पारा उणे वीसलाही जातो. म्हणजे उन्हाळाभर जी बोट पाण्यावरच जगली, तिला थंडीत धोका कुणाचा? तिच्या पोटात राहून गेलेल्या पाण्याचा.

ऑक्टोबरच्या मध्यापासून तिथं बोटी वर काढायला लागतात. क्रेन भाड्यानं आणतात, सगळ्यांच्या बोटी एक-दोन दिवसांत उचलायच्या असतात, त्यामुळे लग्नघरासारखी धावपळ. त्याआधी शिडं उतरवून, धुऊन, खडखडीत वाळवून घरी न्यायची. डोलकाठी उतरवायची. बोट वर आली की लगेच, ओली असतानाच तळ जोरदार फवाऱ्यानं धुवायचा. शेवाळ एकदा वाळलं की खरवडून हात दुखतात, हा स्वानुभव.

मग बोट टेकवायची. इथं एक गोष्ट नवख्याला कळत नाही. बोटीचा भार खालच्या कण्यावर, म्हणजे कीलवर असतो. बाजूला लावलेले लोखंडी टेकू तिला फक्त कलंडू देत नाहीत. म्हणून समोरासमोरचे टेकू खालून साखळीनं एकमेकांना बांधतात, नाहीतर ते हळूहळू बाहेर सरकतात. आणि ताडपत्रीची दोरी टेकूला कधीही बांधायची नाही. सोयीचं वाटतं, पण वाऱ्यानं ताडपत्री फडफडली की तीच दोरी टेकू हलवून हलवून उपटून काढते. पुढं काय होईल ते सांगायला नको.

आता इंजिन. छोटं डिझेल इंजिन असतं, ते थंड ठेवायला सरोवराचंच पाणी आत खेचतं. ते पाणी आत राहिलं आणि गोठलं तर लोखंडाला तडा. म्हणून पाणी खेचणारी नळी काढून एका बादलीत सोडायची, बादलीत गुलाबी रंगाचं न गोठणारं द्रव ओतायचं आणि मागच्या धुराड्यातून गुलाबी पाणी बाहेर पडेपर्यंत इंजिन चालवायचं. पण इंजिन आधी गरम करून घ्यायचं. थंड इंजिनातला थर्मोस्टॅट बंद असतो, तेव्हा द्रव मुख्य भागाला वळसा घालून निघून जातो. बाहेर गुलाबी दिसतं, आपण खूश, आणि आत साधं पाणी तसंच. आणखी एक फसगत बाटलीवरच्या आकड्याची. ‘उणे ५०’ लिहिलेलं असतं, ते फॅरनहाइटमध्ये, आणि तेही नळी फुटणार नाही इतक्यापुरतं. द्रव त्याच्या कितीतरी आधी बर्फाच्या गोळ्यासारखं रवाळ होतं. उरलेल्या पाण्यात मिसळून पातळ झालं तर तेवढंही संरक्षण राहत नाही. त्यामुळे टाकी, पंप, नळ्या आधी रिकाम्या करायच्या, मग द्रव घालायचं.

हे सगळं मी पहिल्याच वर्षी केलं होतं, बरं का. पुस्तकं वाचून, याद्या करून. चुकलो ते वेगळ्याच ठिकाणी.

बोटीच्या तळाला मुद्दाम ठेवलेली भोकं असतात. बेसिनचं पाणी बाहेर जायला, इंजिनचं आत यायला. प्रत्येक भोकावर आतून एक व्हॉल्व्ह. त्याच्या पोटात धातूचा गोळा असतो आणि गोळ्याला आरपार भोक. मूठ फिरवली की भोक आडवं होतं आणि वाट बंद. बोट जमिनीवर आल्यावर मी सगळे व्हॉल्व्ह नीट बंद केले. घर सोडताना नळ बंद करतो तसे. पण बंद करताना गोळ्याच्या भोकात जे पाणी असतं ते दोन्हीकडून कोंडलं जातं. पळीभरच. ते गोठलं, फुगलं आणि बाहेरच्या पितळी कवचाला केसाएवढी चीर पाडून गेलं.

वसंतात क्रेननं बोट पाण्यात ठेवली. पट्टे अजून सोडले नव्हते. शेजारच्या बोटीचे आजोबा म्हणाले, आधी खाली जाऊन बघ. गेलो. बेसिनखालून पाण्याची बारीक धार उडत होती. पट्टे सोडून मी घरी गेलो असतो तर रात्रभरात बोट तळाला बसली असती. ते आजोबा रागावले नाहीत, एवढंच म्हणाले, “जमिनीवर बोट असेल तेव्हा तोंडं उघडी ठेवायची.” म्हणजे व्हॉल्व्ह उघडे, सगळं निथळू द्यायचं. इतकं सोपं!

तेव्हापासून मी लपलेल्या पाण्याच्या मागे लागतो. सुकाणूच्या पात्यात दांडा शिरतो तिथून पाणी झिरपतं आणि गोठून पातं उकलतं, म्हणून खालच्या टोकाला बारीक भोक पाडून ते निथळू देतो, वसंतात इपॉक्सीनं बुजवतो. डेकवरची निचऱ्याची भोकं पानांनी तुंबू नयेत म्हणून जाळी लावतो. बॅटरीसुद्धा यातच आली. पूर्ण चार्ज असेल तर तिच्यातलं आम्लपाणी उणे ५० च्याही खाली टिकतं, उतरलेली असेल तर उणे दहाच्या आसपासच गोठायला लागतं.

झाकायचं मात्र मालवणसारखंच. लाकडी सांगाडा, चांगला उतार, म्हणजे बर्फ घसरून पडेल, आणि दोन्ही टोकांना वारा खेळायला जागा. गच्च बांधून ठेवलेली बोट आतून घामेजते आणि गाद्यांना बुरशी धरते. झापांतून वारा कसा आपोआप खेळायचा, ते तिथं मुद्दाम जमवावं लागतं.

अजूनही दर वसंतात क्रेनवाला पट्टे सैल करायला हात घालतो, तेव्हा मी त्याला थांबवतो. टॉर्च घेऊन खाली उतरतो आणि एकेका व्हॉल्व्हखाली बोट फिरवून बघतो, कोरडं आहे ना. वर रांगेतले लोक खोळंबलेले असतात. खोळंबू देत.