कामाची आठवण पुसून टाकता येते का?

मागच्या महिन्यात एक तरुण आईबरोबर दवाखान्यात आला. वय ३२, पुण्यात एका खासगी कंपनीत नोकरी. तक्रारी अशा: छातीत धडधड, रात्री दोनला जाग, पोटात जळजळ. रक्तदाब १५०/९६ भरला. ई.सी.जी. सुदैवाने व्यवस्थित होता. त्याला मी शाळेत असल्यापासून ओळखतो. तपासणी झाल्यावर तो हसत म्हणाला, "काका, ऑफिसच्या दाराबाहेर पडलं की आतलं सगळं विसरायला लावणारी गोळी नाही का एखादी?" आई लगेच म्हणाली, "डॉक्टर, हा घरी येतो, पण घरी नसतो हो!"

अशी गोळी नाही. पण नेमकी हीच इच्छा धरून अमेरिकेत एक मालिका निघाली आहे. दिवाळीत माझ्या मुलीने ती मला लॅपटॉपवर दाखवली. नाव 'सेव्हरन्स', म्हणजे तोडून वेगळे करणे. अ‍ॅपलच्या टीव्ही सेवेवर तिचा पहिला भाग फेब्रुवारी २०२२ मध्ये आला आणि दुसरे पर्व २०२५ मध्ये. लेखक डॅन एरिक्सन एका दारे बनविणाऱ्या कारखान्याच्या कचेरीत काम करीत होते. दिवसाचे ते आठ तास वगळता आले तर किती बरे, असे त्यांना वाटे. त्यातून ही कल्पना सुचली.

कथा थोडक्यात सांगतो. ल्यूमन नावाची एक बलाढ्य कंपनी आहे. तिच्या काही कर्मचाऱ्यांच्या मेंदूत एक चिप बसविलेली असते. तळमजल्याखालच्या कचेरीत जाणाऱ्या लिफ्टमध्ये माणूस शिरला की तो बाहेरचे सारे विसरतो: घर, बायको, मुले, स्वतःचे आडनावसुद्धा. संध्याकाळी वर आला की आतले सारे विसरतो. एकाच शरीरात दोन माणसे होतात. बाहेरच्याला काम कधी करावेच लागत नाही. आतल्याला मात्र कामाशिवाय दुसरे काहीच मिळत नाही. लिफ्टचे दार बंद होते आणि त्याच्या लेखी पुढच्याच क्षणी दुसरी सकाळ उजाडते. झोप त्याच्या शरीराला मिळते, त्याला ती कळत नाही. दिवसभर पडद्यावरचे आकडे निवडून काढायचे, ते कशासाठी हे विचारायचे नाही. बक्षीस म्हणून खरबुजाच्या फोडी किंवा नाचगाणे. चूक झाली तर एका खोलीत बसवून तोच माफीनामा पुन्हा पुन्हा म्हणून घेतात.

वाचकहो, डॉक्टर म्हणून मला तीन प्रश्न पडले. ते येथे मांडतो.

पहिला प्रश्न: असे खरेच करता येईल का? आजच्या विज्ञानाला हे शक्य नाही. कंपवाताच्या काही रोग्यांच्या मेंदूत बारीक तारा बसवितात, त्याने थरथर कमी होते. पण आठवणींची अशी वाटणी करणारे यंत्र नाही. कारण आठवण मेंदूतल्या एकाच कप्प्यात ठेवलेली नसते. १९५३ साली अमेरिकेत हेन्री मोलाइसन या २७ वर्षांच्या तरुणावर फिट्स थांबविण्यासाठी शस्त्रक्रिया झाली. मेंदूच्या दोन्ही बाजूंचा हिप्पोकॅम्पस हा भाग बराचसा काढला गेला. फिट्स पुष्कळ कमी झाल्या, पण नवी आठवण राहीना. डॉ. ब्रेंडा मिल्नर यांनी त्याचा अनेक वर्षे अभ्यास केला, तरी दर वेळी त्याला त्या नव्यानेच भेटत. मिल्नरबाईंनी त्याला आरशात बघून चांदणीची आकृती गिरवायला दिली. रोज तो म्हणे, हे मी प्रथमच करतो आहे. हात मात्र रोज अधिक सफाईने चाले. मनाला पत्ता नव्हता, पण हात शिकला होता.

त्याहून जुनी गोष्ट स्वित्झर्लंडच्या क्लापारेद यांची. त्यांच्या एका स्मृती गेलेल्या रोगी बाईशी हस्तांदोलन करताना त्यांनी हातात टाचणी लपविली. थोड्या वेळाने ती टोचल्याचे बाई विसरल्या. पण पुन्हा हात पुढे केल्यावर त्यांनी आपला हात मागे घेतला. का, ते त्यांना सांगता येईना. म्हणजे प्रसंग विसरला तरी भीती शिल्लक राहते.

दुसरा प्रश्न: आठवण तुटली तरी शरीराचे काय? मालिकेत हे फार चांगले दाखविले आहे. नायक मार्क हा पूर्वी इतिहासाचा प्राध्यापक. अपघातात बायको गेली असे कळल्यावर आठ तास तरी दुःख नको म्हणून त्याने ही नोकरी धरलेली. सकाळी गाडीत बसून तो रडतो. लिफ्टमधून खाली उतरलेल्या मार्कला आपल्या खिशात ओला कागदी रुमाल सापडतो, तो कशाचा हे त्याला ठाऊक नसते. पुढे कचेरीत त्याच्या कपाळाला जखम होते. बाहेरच्या मार्कला कंपनी निराळेच कारण कळविते, सोबत हॉटेलातल्या जेवणाची भेट.

हे पाहताना मला माझ्या टेबलासमोरची खुर्ची आठवली. रोग्याची हकीकत म्हणजे माझे अर्धे निदान. हा मार्क माझ्याकडे आला असता तर कपाळाचे टाके मी घातले असते, पण मार कसा लागला हे त्याला खरे सांगताच आले नसते. आपल्याकडे चिप नाही, तरी हे रोज घडते. "काम कसले करता?" असे विचारले की "नोकरी" एवढेच उत्तर येते. पाळी रात्रीची की दिवसाची, किती तास उभे राहता, धूळ किती, आवाज किती, वरिष्ठ कसे बोलतात, हे कोणी सांगत नाही. रक्तदाब मात्र ते सारे लिहून ठेवतो. जागतिक आरोग्य संघटना व आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी २०२१ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, आठवड्याला ५५ तास किंवा अधिक काम करणाऱ्यांत ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांपेक्षा पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्के, तर हृदयविकाराने मृत्यूचा धोका सुमारे १७ टक्के जास्त आढळतो.

तिसरा प्रश्न: संमती कोणाची? हेली नावाची नवी मुलगी आत राजीनामा लिहिते. तो नाकारते कोण? बाहेरची हेली. जिला काम करावे लागत नाही, तीच म्हणते की चालू राहू दे. शेवटी आतली हेली जीव देऊ पाहते. कंपनीचे नियंत्रण यापुढे आणखी काय असणार? माणसानेच आपला एक भाग गहाण टाकलेला आहे.

येथे मला माझीही एक गोष्ट सांगितली पाहिजे. वडील गेले तेव्हा तेराव्याच्या आधीच मी दवाखाना उघडला. लोक म्हणाले, केवढी सेवावृत्ती! खरे कारण असे की घरात त्यांची रिकामी खुर्ची दिसे. रात्री दहापर्यंत रोगी तपासायचे आणि पडल्यावर झोपेची गोळी. चार महिन्यांनी एका म्हातारबाबांना मी मधुमेहाची गोळी दुप्पट लिहिली. कंपाउंडरने चिठ्ठी परत आणून विचारले म्हणून अनर्थ टळला. त्या रात्री मी घरी जाऊन प्रथमच रडलो. दुःखाला मी दवाखान्याबाहेर ठेवले होते खरे, पण ते माझ्या हाताने चिठ्ठ्या लिहीत होते.

आपल्याकडची लिफ्ट म्हणजे बहुधा बाटली, नाहीतर दुकानातून चिठ्ठीशिवाय आणलेली झोपेची गोळी. दारूने झोप लवकर लागते, पण उत्तररात्री मोडते. झोपेच्या गोळीची सवय लागते, आणि एकदम बंद केली तर त्रास होतो. म्हणून ती डॉक्टरांच्या सल्ल्यानेच सुरू करावी आणि सल्ल्यानेच हळूहळू सोडावी.

त्या तरुणाला मी जे सांगितले, तेच आपल्याला सांगतो.

१. डॉक्टरांना कामाची पूर्ण हकीकत सांगा: तास, पाळी, प्रवास, त्रास.

२. कामावरून आल्यावर अर्धा तास चाला. फोन घरी ठेवून.

३. जेवताना घरच्यांना दिवसातली एक गोष्ट सांगा आणि त्यांची एक ऐका.

४. थकवा सुटीनेही जात नसेल, कामाचा तिटकारा येत असेल, हातून नीट काम होत नसेल, तर ही 'बर्नआउट'ची लक्षणे असू शकतात. जागतिक आरोग्य संघटना त्याला रोग म्हणत नाही, कामातून उद्भवणारी अवस्था म्हणते. त्यामुळे औषधाबरोबर कामातही बदल लागतो.

५. छातीत दुखून घाम आला तर मनाचा ताण समजून बसू नका, ताबडतोब ई.सी.जी. काढा.

६. जगणे नकोसे वाटले तर त्याच दिवशी कोणाशी तरी बोला. सरकारची 'टेलिमानस' ही मोफत दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र चालू असते.

तो तरुण परवा पुन्हा आला. रक्तदाब १३८/८८. गोळी चालू आहेच. रात्री नऊनंतर कचेरीचा फोन घेणार नाही असे त्याने वरिष्ठांना सांगितले, त्यावर दोन दिवस कुरबूर झाली, मग थांबली. आई बाहेर बाकावर बसली होती. मी विचारले, "काय, आता घरी असतो का?" त्या म्हणाल्या, "काल भांडला माझ्याशी, आमटीत मीठ जास्त झालं म्हणून. किती दिवसांनी त्याला चव कळली!"