प्रतिध्वनीतून दिसणारा भूगर्भ

तेल व वायूच्या शोधाचे तंत्रज्ञान मुख्यतः प्रतिध्वनीवर उभे आहे. समुद्रात सर्वेक्षण करणारे जहाज दाबाखालची हवा पाण्यात एकदम सोडते, त्या धक्क्याच्या लहरी तळाखालच्या खडकांत शिरतात, दोन भिन्न खडकांच्या सीमेवरून त्यांचा काही भाग माघारी फिरतो, आणि जहाजामागे ओढल्या जाणाऱ्या काही किलोमीटर लांबीच्या केबलमधील हायड्रोफोन, म्हणजे पाण्यातील आवाज टिपणारी उपकरणे, तो किती वेळाने व किती जोराने परतला याची नोंद करतात. या नोंदींवरून संगणक थरांचे चित्र उभे करतो; परंतु त्या चित्रात सहसा तेल दिसत नाही, तर जिथे तेल साठू शकेल असा खडकाचा आकार दिसतो.

या पद्धतीचे सामर्थ्य मुंबई हाय या समुद्रातील तेलक्षेत्राने सिद्ध केले. मुंबईच्या पश्चिमेस सुमारे १६० किलोमीटरवर समुद्रतळाखाली मोठा उंचवटा असल्याचे १९६०च्या दशकातील सर्वेक्षणांत आढळले, १९७४मध्ये ‘सागर सम्राट’ या समुद्री खोदकाम-मंचाने तेथे विहीर खोदली, चुनखडकात तेल लागले आणि १९७६मध्ये उत्पादनही सुरू झाले. मात्र तेल लागले म्हणजे ते सगळे हाती आले असे होत नाही, कारण ते एखाद्या तळ्यासारखे साचलेले नसून खडकाच्या सूक्ष्म छिद्रांना चिकटलेले असते. म्हणूनच जवळपास पाच दशकांच्या उपशानंतरही मूळ साठ्याचा निम्म्याहून अधिक भाग तिथल्या खडकातच आहे.

चित्राच्या सूक्ष्मतेलाही निसर्गाची मर्यादा आहे. खडकातून सेकंदाला ३,००० मीटर वेगाने जाणाऱ्या व सेकंदाला ३० कंपने असलेल्या लहरीची लांबी १०० मीटर भरते, आणि साधारणतः तिच्या एक-चतुर्थांशाहून, म्हणजे २५ मीटरहून, पातळ थराचा माथा व तळ वेगवेगळे ओळखता येत नाहीत. त्याहून फसवी बाब वायूची आहे, कारण पाण्याने भरलेल्या वाळूच्या खडकात अगदी थोडा वायू मिसळला तरी लहरींचा वेग झपाट्याने घटतो आणि भरपूर वायू असल्यासारखाच ठळक प्रतिध्वनी येतो. सर्वेक्षणातील अशा खुणेला बातमीत ‘साठा सापडला’ म्हणणे ही वाचकांची दिशाभूल आहे. विहीर खोदून तपासणी होईपर्यंत तो केवळ अंदाज असतो, आणि त्याला अंदाजच म्हटले पाहिजे.

महाराष्ट्राच्या दृष्टीने सर्वांत कठीण कोडे बेसॉल्टचे आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याच्या थरांवर थर साचून हा काळा कातळ बनला असून, सह्याद्रीच्या कड्यांवर ते थर पायऱ्यांसारखे उघडे दिसतात. लहरींची बरीच ऊर्जा त्याच्या पृष्ठभागावरूनच परत फिरते आणि आत शिरलेली ऊर्जा थराथरांत विखुरते, त्यामुळे खाली तेल धरू शकणारे गाळाचे खडक आहेत की नाहीत हे नीट कळत नाही. अधिक लांब केबल व कमी कंपनांच्या लहरी वापरून चित्र सुधारते, पण शंका पुरती फिटत नाही. कोयना परिसरात तेलासाठी नव्हे, तर भूकंपांच्या अभ्यासासाठी तीन किलोमीटर खोल छिद्र घेण्यात आले, तेव्हा सुमारे सव्वा किलोमीटर बेसॉल्ट संपताच थेट ग्रॅनाइटसारखा प्राचीन खडक लागला. मधला गाळाचा थर तिथे नव्हताच.