देशी पऱ्हाटीच्या आतली नक्कल

कापसावर लेख हवा, असं संपादकांनी सांगितलं तेव्हा भाव, कर्ज आणि बोंडअळी याच गोष्टी मनात होत्या. संग्रामपूर तालुक्यात पोचलो. वर सातपुडा, खाली पूर्णा, मधे काळी जमीन आणि पूर्णेच्या अंगाला खारपाणपट्टा. शिवारभर बीटी कपाशी उभी होती. एका धुऱ्यावर मात्र चार-दोन झाडं वेगळी दिसली: उंच, सडपातळ, बोंडं बारीक. "देशी पऱ्हाटी हाय. देवाच्या वातीसाठी ठेवली. पाणी नसलं तरी जगते," शेतकरीदादा म्हणाले. हा लेख त्या झाडाच्या पेशीत काय चालतं, त्याबद्दल आहे.

कापसाचा इतिहास वऱ्हाडला नव्याने सांगायला नको. १८६०च्या दशकात अमेरिकेत यादवी पेटली आणि इथल्या कापसाला सोन्याचा भाव आला. १८७० मध्ये खामगावला रेल्वे पोचली. तो सगळा देशी कापूस होता. स्वातंत्र्यापर्यंत देशातल्या जवळपास सगळ्या क्षेत्रावर देशीच होती. पुढे तिचं क्षेत्र घटत गेलं; २००२ मध्ये बीटीला परवानगी मिळाली आणि देशी पार धुऱ्यावर गेली.

शास्त्रज्ञ या देशी कपाशीला गॉसिपियम आर्बोरियम म्हणतात. तिचा जनुकसंच २०१४ मध्ये वाचून झाला: डीएनएची सुमारे १७० कोटी अक्षरं. तिची दूरची बहीण पेरू देशातली जंगली रायमोंडी. तिची अक्षरं जेमतेम ८८ कोटी. दोघींच्या जनुकांची संख्या मात्र जवळपास सारखी, चाळीस हजारांच्या आसपास. मग देशीतली दुप्पट लांबी आली कुठून?

ती आली रेट्रोट्रान्स्पोझॉनमधून. डीएनएचा हा तुकडा आधी स्वतःची आरएनए प्रत काढतो. मग त्या प्रतीवरून उलटा डीएनए तयार होतो आणि गुणसूत्रात दुसऱ्याच जागी घुसतो. मूळ तुकडा जागचा हलत नाही, म्हणून प्रत्येक फेरीला संख्या वाढते. आरएनएवरून डीएनए बनवणारं विकर १९७० मध्ये टेमिन आणि बाल्टिमोर यांनी विषाणूंमध्ये शोधलं. तेच काम इथे वनस्पतीच्या पेशीत चालतं. देशी कपाशीच्या जनुकसंचाचा दोन-तृतीयांशाहून अधिक भाग असल्या पुनरावृत्त तुकड्यांचा आहे. 'गोर्ज-३' नावाच्या एका कुळाने तिच्या वंशात विशेष जोर धरला, हे अमेरिकेतल्या जोनाथन वेंडेल यांच्या गटाने २००६ मध्ये दाखवलं.

मला भुरळ घातली ती या तुकड्यांचं वय काढण्याच्या युक्तीने. तुकडा नव्या जागी बसतो तेव्हा त्याची दोन्ही टोकं अक्षरशः सारखी असतात. पुढे दोन्हींत वेगवेगळ्या चुका साचत जातात. एकाच सातबाऱ्याच्या दोन नकला दोन घराण्यांनी पिढ्यानपिढ्या हाताने उतरवत ठेवाव्यात, तसं. दोन टोकांतला फरक मोजला की तो तुकडा कधी बसला, ते कळतं. गुणसूत्रात एवढी स्वच्छ तारीख दुसऱ्या कशावर क्वचितच सापडेल.

पेशी हे तुकडे काढूनही टाकते. दोन सारखी टोकं एकमेकांशी जुळली की मधला मजकूर गळतो आणि एकच टोक उरतं. रायमोंडीच्या वंशात ही सफाई अधिक जोरात झाली, म्हणून ती आटोपशीर राहिली. १०-२० लाख वर्षांपूर्वी देशीच्या कुळातली एक आणि रायमोंडीच्या कुळातली एक कपाशी अमेरिका खंडात एकत्र आल्या. देशीची गुणसूत्रं २६, त्या संकराची ५२. आजची बीटी वाणं त्याच वंशातली आहेत. म्हणजे बीटीच्या प्रत्येक पेशीत देशीच्या कुळातली ही जुनी भरताड आहेच.

तिला कोणी कचरा म्हणू नये. नाशिकची हिरवी द्राक्षं पाहा. रंग आणणाऱ्या जनुकाच्या तोंडाशी 'ग्रेट-१' नावाचा असाच तुकडा येऊन बसला आणि रंग बंद झाला. 'इटालिया' या हिरव्या वाणात तो तुकडा मागे एक टोक ठेवून निघून गेला, तेव्हा लालसर द्राक्षं आली. तुकडा कुठे बसला, यावर पीक बदलतं.

अडचण इथेच सुरू होते. हजारो तुकडे एकसारखे असल्याने लहान-लहान वाचन जोडताना कोणता कुठला, हे समजत नाही. लांब वाचनाची यंत्रं आल्यावरच हे काम नीट होऊ लागलं. शिवाय २०१४ मध्ये वाचलेलं वाण चिनी होतं. तुकड्यांच्या जागा वाणागणिक बदलतात, त्यामुळे त्या वाचनावरून वऱ्हाडातल्या पऱ्हाटीचा हिशेब लागत नाही. ती कोरडवाहूत तगते, रसशोषक किडींना सहसा दबत नाही. यात या तुकड्यांचा वाटा किती, हे इथलीच झाडं वाचून ठरवावं लागेल.

आणि झाडंच संपत चालली आहेत. बोंड लहान, धागा आखूड, वेचणीला मजुरी जास्त. थोडक्या कापसासाठी जिनिंग वेगळं चालवणं परवडत नाही, आणि बीटीत मिसळला तर देशीची सरकी शुद्ध राहत नाही. पेरणाऱ्याला दोष देता येत नाही. त्याला पोट आहे. पण वाण गेलं की त्याच्या तुकड्यांची ती मांडणी कायमची गेली. प्रयोगशाळेत ती पुन्हा जुळवता येणार नाही, कारण ती कशी होती हे कुणी लिहूनच ठेवलेलं नाही.

संग्रामपूर, जळगाव जामोद, शेगाव भागात ज्यांच्या धुऱ्यावर वातीपुरती देशी पऱ्हाटी असेल, त्यांनी यंदा मूठभर सरकी वेगळी काढावी, पुडीवर गावाचं नाव आणि वर्ष लिहावं, आणि अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाकडे किंवा नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेकडे पोचवावी.